पिशवीतील गाठ आणि घाईचा निवाडा

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेस औद्योगिक वसाहतीचे कारखाने आणि दगडखाणींनी पोखरलेला डोंगर, पश्चिमेस रेल्वेमार्गापलीकडे कांदा-बटाट्याच्या, धान्याच्या, मसाल्याच्या नि फळांच्या घाऊक बाजाराची अवाढव्य आवारे, आणि या दोहोंच्या बेचक्यात सातारा-सांगलीकडची माथाडी कुटुंबे, मराठवाड्यातून दुष्काळाने उठवलेले मजूर, उत्तरेकडून आलेले कारागीर व येथील मूळचे आगरी-कोळी अशी नाना प्रांतांची माणसे दाटीने राहत असलेले हे नवी मुंबईतले तुर्भे असे गाव आहे, की जेथे कोणतीही वार्ता फार काळ खासगी राहत नाही. त्यातही गर्भवतीच्या सोनोग्राफीचा अहवाल हा तर हातोहात फिरणारा दस्तऐवज. त्या कागदावर, गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीत चार सेंटिमीटरचा ‘इंट्राम्युरल फायब्रॉईड’ आहे, अशी एक इंग्रजी ओळ उमटली, की डॉक्टरीणबाईंच्या मेजावर तो कागद पोहोचण्यापूर्वीच त्याच्यावर तीन-चार निवाडे होऊन गेलेले असतात. सासू म्हणते, ‘पिशवीला गाठ आहे, मूल टिकायचं नाही.’ शेजारीण हळूच विचारते, ‘कॅन्सरची तर नाही ना?’ कोणी एक जाणता गाठ विरघळवणाऱ्या काढ्याचा पत्ता देतो. आणि गावाकडून मामी फोनवर सांगते, ‘आमच्याकडं तर सगळ्यांनी पिशवीच काढून टाकली, कटकट मिटली.’ ज्या बाईच्या पोटाविषयी हे सारे चालू असते, तिचे म्हणणे मात्र या मसलतीत कोणी घेत नाही.

खंडनमंडनाचा जुना शिरस्ता असा, की पूर्वपक्ष आधी यथास्थित मांडावा. प्रतिपक्षाला दुबळा करून मग त्यास लोळवण्यात काही पराक्रम नाही. म्हणून हे प्रथमच कबूल केले पाहिजे, की या चारही निवाड्यांच्या मुळाशी काही ना काही अनुभव आहे. गाठ असलेल्या काही स्त्रियांचे गर्भ खरोखरच पडलेले आहेत. काहींची बाळंतपणे रक्तस्रावाने जिवावर बेतलेली आहेत. गाठीपायी महिन्याच्या महिन्याला अंगावरून इतके जाई की उभे राहणे मुश्कील, अशा स्त्रीला शस्त्रक्रियेने सुख लाभलेले आहे. तक्रार अनुभवाविरुद्ध नाही. एका बाईचा अनुभव उचलून दुसरीच्या कागदावर त्याचा शिक्का मारायचा, आणि तोही घाईने, या रीतीविरुद्ध आहे. अनिष्टाची शंका येताच उपाय करून मोकळे व्हावे, विचार मागाहून होत राहील, ही जी वृत्ती, तिचा समाचार घेणे हा या लेखाचा हेतू होय.

कर्करोगाची शंका सर्वांत भयंकर, आणि सर्वांत पोकळही. तिच्यापाशी फार थांबण्याचे कारण नाही. फायब्रॉईड ही गर्भाशयाच्या स्वतःच्या स्नायुपेशींची आणि तंतूंची बनलेली गाठ असते; ती आपल्या मर्यादेत वाढते, आजूबाजूस घुसत नाही, रक्तावाटे फुफ्फुसात वा यकृतात जाऊन बसत नाही. स्नायूंचा खरा कर्करोग, ज्याला सार्कोमा म्हणतात, तो अस्तित्वात आहे आणि क्वचित फायब्रॉईडच्या सोंगाने लपलेलाही सापडतो. परंतु त्याचा भर बहुतांशी पाळी गेल्यानंतरच्या वयावर आहे, आणि पंचविशी-तिशीतल्या गर्भवतीच्या बाबतीत तो इतका विरळ आहे, की त्याच्या नावाने तिची झोप उडवणे हा शुद्ध अन्याय होय.

त्याहून अधिक विचारार्ह गोष्ट ही, की गाठ ही काही जगावेगळी आपत्ती आहे हा समजच मुळात निराधार आहे. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या पाहणीत, पन्नाशी गाठेपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्क्यांना आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिकांना फायब्रॉईड झालेले असतात, असा हिशेब निघाला. आणि त्याच देशातल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गर्भवतींची पहिल्या तिमाहीत बारकाईने सोनोग्राफी केली असता दर दहांपैकी सुमारे एकीच्या गर्भाशयात गाठ दिसली. यांतल्या कित्येक स्त्रियांना आपल्याला गाठ आहे याचा पत्ताही नव्हता. आपल्या आज्यांच्या काळी ही गाठ नव्हती असे नाही. ती पाहणारे यंत्र नव्हते, म्हणून तिच्यासकट पाच-पाच, सहा-सहा बाळंतपणे होत आणि कोणाच्या गावीही ती नसे. यंत्र आले हे उत्तमच झाले. पण जे पूर्वी दिसत नव्हते ते आता दिसू लागले, एवढ्यावरून ते नव्याने उपजले असे ठरत नाही. त्यात यंत्रालाही क्वचित चकवा बसतो. गर्भाशयाचा स्नायू एखाद्या जागी क्षणकाल आवळला जातो, तेव्हा पडद्यावर तो हुबेहूब गाठीसारखा दिसतो. तपासणाऱ्याने घाई न करता अर्ध्या तासाने पुन्हा पाहिले, तर ती ‘गाठ’ नाहीशी झालेली असते. अनुभवी सोनोलॉजिस्ट म्हणूनच संशयास्पद जागेची रुजुवात दुसऱ्यांदा पाहून करतात. ज्यांना रांगेतल्या पुढच्या बाईची घाई असते ते करीत नाहीत, आणि मग नसलेल्या गाठीचा दाखला घेऊन एक कुटुंब महिनाभर धास्तावलेले राहते.

आता ‘मूल टिकायचं नाही’ या मुख्य आरोपाकडे वळू. गाठ असलेल्या स्त्रियांत गर्भपात अधिक होतात, असे जुन्या वैद्यकीय ग्रंथांतही लिहिलेले असे, तेव्हा सासूबाईंना एकट्यांना बोल लावता येणार नाही. पण २०१७ साली ५,५१२ गर्भवतींच्या मोठ्या अभ्यासाचा जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्याने या समजुतीचा पायाच हलवला. तेथेही गाठ असलेल्यांत गर्भपाताचे प्रमाण वरकरणी काहीसे अधिक दिसले. परंतु वय आणि इतर बाबी हिशेबात धरून पुन्हा मोजणी केली, तेव्हा तो फरक उरला नाही. गाठी वयाबरोबर वाढतात आणि गर्भपातही वयाबरोबर वाढतात; दोघांचा खरा कर्ता वय हा, आणि दोषारोप मात्र वर्षानुवर्षे गाठीवर होत राहिला. येथे एक अपवाद नोंदवणे भाग आहे. गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत डोकावणारी, अस्तराखालची जी गाठ, ती गर्भ रुजण्याच्याच जागी अडथळा आणते आणि तिच्यामुळे दिवस राहण्याची शक्यता कमी होते, हे पुराव्याने मान्य झालेले आहे. अशी गाठ गर्भधारणेपूर्वीच योनिमार्गाने दुर्बीण घालून काढता येते. तेव्हा आरोप संपूर्ण खोटा नव्हे. तो एका विशिष्ट गाठीवर सिद्ध होतो आणि बाकीच्यांवर विनाकारण लादला जातो.

‘गाठ बाळाचे रक्त पिते आणि बाळाबरोबर वाढत जाते’ ही त्याच आरोपाची पुरवणी. गर्भाचे पोषण वारेतून होते; गाठीला जाणारे रक्त हे आईच्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतून जाते; आणि दिवस भरत येतात तेव्हा या वाहिन्यांतून मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते, की ज्याच्यापुढे एखाद्या लिंबाएवढ्या गाठीची मागणी ती काय! वाढीविषयी म्हणाल, तर जी काही वाढ व्हायची ती प्रायः पहिल्या तीन-चार महिन्यांत होते, आणि बहुसंख्य गाठी नऊ महिने होत्या तेवढ्याच राहतात. बाळंतपणानंतर तर त्यांना उतरती कळा लागते: २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गर्भारपणी गाठ दिसलेल्या स्त्रियांची बाळंतपणानंतर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जणींच्या गर्भाशयात गाठ शोधूनही सापडली नाही. ज्या गाठीसाठी एखादीने गर्भच नको म्हटले असते, ती गाठ गर्भारपणच ओसरवून टाकते, हा निसर्गाचा विनोद ध्यानात घेण्याजोगा आहे.

इतके खंडन झाल्यावर वाचकास वाटेल, की मग काळजीचे काहीच कारण नाही. तसे मुळीच नाही. आणि ‘काही होत नाही हो, आमच्या वेळी कुठे होत्या सोनोग्राफ्या’ असे म्हणून कागद फडताळात टाकून देणारे जे दुसऱ्या टोकाचे लोक, तेही माझ्या दृष्टीने तितकेच प्रतिपक्षी आहेत. गाठीचा विचार करताना ती आहे की नाही हा प्रश्न गौण. ती कोठे आहे, केवढी आहे आणि वारेशी तिचे नाते काय, हे तीन प्रश्न मुख्य होत. गोणीच्या बाहेर लोंबणाऱ्या सुतळीच्या गाठीने आतला माल नासत नाही, पण तीच गाठ तोंडाशी घट्ट बसली तर माल बाहेर काढताना खोळंबा होतो, हे कांद्याच्या गाळ्यावरचा कोणताही माथाडी सांगू शकेल. गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगास वाढलेली गाठ बहुधा निरुपद्रवी असते. भिंतीच्या जाडीतली लहान असेल तर तीही मुकाट राहते. परंतु खालच्या भागात, गर्भाशयमुखाजवळ मोठी गाठ असेल, तर मूल पायाळू किंवा आडवे राहू शकते, आणि वाट अडल्यामुळे शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागते. त्यातही गंमत अशी, की चौथ्या महिन्यात अगदी खाली दिसणारी गाठ गर्भाशय वाढता वाढता वर सरकून आठव्या महिन्यात वाट मोकळी करून देते, असेही घडते. म्हणजे येथेही आरंभीचा निवाडा अखेरचा समजू नये.

२००८ साली अनेक अभ्यासांचे एकत्रीकरण करून जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यातील आकडे पाहण्यासारखे आहेत. गर्भाची स्थिती वाकडी असण्याचे प्रमाण गाठ असलेल्यांत १३ टक्के, नसलेल्यांत साडेचार. मुदतीपूर्वी कळा सुरू होण्याचे १६ टक्के विरुद्ध सुमारे ९. मूल जन्मण्यापूर्वीच वार सुटण्याचे ३ टक्के विरुद्ध एकाहूनही कमी. आणि सीझरचे जवळजवळ ४९ टक्के विरुद्ध १३. यांतील वार सुटण्याचा आकडा लहान दिसतो, पण प्राणघातक तोच. वार नेमकी गाठीवर बसली असेल तर हा धोका विशेष, म्हणून सोनोग्राफी करणाऱ्याने या दोहोंमधील अंतर लिहून देणे अगत्याचे. सीझरच्या आकड्याविषयी मात्र मला शंका घ्यावीशी वाटते. त्यांतील काही शस्त्रक्रिया गाठीने अटळ केलेल्या असतील, पण काही निव्वळ ‘गाठ आहे’ या शब्दांनी डॉक्टरांच्याही मनात उत्पन्न केलेल्या भयाच्या असाव्यात. कारण गाठ एवढ्या एका कारणावरून सीझर करावे असे कोणतेही जबाबदार शास्त्र सांगत नाही, आणि गाठ असलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया याच आढाव्याप्रमाणे स्वाभाविक रीतीने प्रसूत झालेल्या आहेत.

एका उपद्रवाचे वर्णन मात्र जरा जवळून करतो, कारण त्याच्याच वेळी सर्वांत मोठ्या चुका होतात. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास, आदल्या दिवसापर्यंत धडधाकट असलेल्या बाईच्या पोटात अकस्मात एके ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल अशा नेमक्या जागी, तीव्र कळ उठते. तेथे हात लावू देत नाही, अंगात थोडी कणकण असते, कधी ओकारीही होते. गाठीला रक्त पुरेनासे होऊन तिच्या आतला भाग मरतो, त्यात रक्त झिरपते, आणि कापून पाहिली तर ती कच्च्या मांसासारखी लालबुंद दिसते, म्हणून वैद्यक त्यास लाल अपकर्ष म्हणते. हे दुखणे विलक्षण, परंतु ते बहुधा आठवडा-दीड आठवड्यात आपोआप शमते. विश्रांती, पाणी आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली पॅरासिटामॉल एवढ्यावर पुष्कळजणी निभावून जातात. पण घरात हलकल्लोळ होतो, गर्भ गेला असे धरले जाते, आणि कोणीतरी नाक्यावरच्या दुकानातून आयब्युप्रोफेनच्या किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून देतो. या जातीच्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांच्या हुकुमावाचून घेऊ नयेत, कारण त्यांनी गर्भाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन भोवतालचे गर्भजल कमी पडू शकते, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिलेला आहे. अशी कळ आली असता रुग्णालय गाठावे, हे तर खरेच. कारण अपेंडिक्सचे दुखणे किंवा सुटती वार यांचेही रूप असेच असू शकते आणि तो भेद घरी बसून होत नाही. पण रुग्णालयात जाणे निराळे आणि पोट फाडून घेणे निराळे. गर्भारपणी फायब्रॉईडवर शस्त्रक्रिया करणे हा अत्यंत अपवादाचा मार्ग आहे. आणि सीझर करता करता ‘हातासरशी’ गाठही काढून टाकावी असा जो आग्रह नातेवाईक धरतात, त्याला शहाणा शल्यवैद्य सहसा मान डोलावत नाही, कारण त्या घटकेला गर्भाशय रक्ताने तुडुंब असते. अलीकडे निवडक स्त्रियांत, रक्ताची तजवीज असलेल्या मोठ्या रुग्णालयांत, अनुभवी हातांनी हे केले जाते. तो अधिकार त्या हातांचा आहे, नातेवाइकांचा नव्हे.

येथून मी माझ्या खऱ्या प्रतिपक्षाकडे वळतो, आणि तो म्हणजे मामींचा फोन.

‘सगळ्यांनी पिशवीच काढून टाकली’ हे वाक्य अतिशयोक्तीचे वाटेल, पण आपल्याच राज्यात त्याचा सरकारी दप्तरी पुरावा आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची ओरड झाली, तेव्हा विधिमंडळात सांगण्यात आले की तीन वर्षांत त्या जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली. आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या वेळी ज्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. शंभरांत जवळजवळ सतरा! पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम दंड लावतो, फडावर ना पाणी ना आडोसा, अंगावरून पांढरे जाण्याची नाहीतर पोटदुखीची तक्रार घेऊन बाई दवाखान्यात गेली की ‘पिशवी खराब झाली आहे, गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे भय घालायचे, आणि दोन-तीन मुले झालेली आहेतच, तेव्हा पिशवी हवी कशाला, असा सवाल टाकायचा. उचल घेऊन दवाखान्याचे बिल भरायचे आणि ती उचल पुढल्या हंगामात फेडायची. या साऱ्याच स्त्रियांना गाठी होत्या असे नव्हे, आणि सर्वच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असेही म्हणता येणार नाही. पण ‘गाठ’ या दोन अक्षरांनी किती सहज संमती मिळवता येते, याचा तो नमुना होय. त्याच बीडची, त्यातल्या पाटोदा-शिरूर तालुक्यांची माणसे आज तुर्भ्यात आहेत, आणि मामींचा सल्ला त्यांच्याबरोबर येथवर आलेला आहे.

गर्भाशय म्हणजे मूल जन्माला घालण्यापुरती ठेवलेली आणि काम झाल्यावर टाकून द्यावयाची वस्तू, हा सिद्धान्त कितीही व्यवहारी वाटला तरी चुकीचा आहे. अंडाशये शाबूत ठेवली तरी गर्भाशय काढल्यावर त्यांचे काम थंडावण्याचे वय अलीकडे येते, आणि अंडाशयेही काढली तर तरुण वयातच हाडे ठिसूळ होण्याची व हृदयविकाराची वाट मोकळी होते. तिशीतल्या, डोक्यावर घमेले वाहणाऱ्या बाईच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नकोच. याउलट लक्षण नसलेल्या गाठीला कोणताही उपचार लागत नाही; आणि उपचार लागलाच, तर गर्भाशय राखून फक्त गाठ काढण्याची मायोमेक्टोमी नावाची शस्त्रक्रिया आहे. ती कोणी आज-काल शोधून काढलेली नाही. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील व्हिक्टर बॉनी या शल्यवैद्याने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिचा हिरिरीने पुरस्कार केला. एकाच स्त्रीच्या गर्भाशयातून २२५ गाठी काढून ते गर्भाशय त्याने शाबूत ठेवले. त्याच्या स्वतःच्या पत्नीचे गर्भाशय फायब्रॉईडपायी काढावे लागले होते आणि ते जोडपे अपत्यहीन राहिले, ही हकीकत कळल्यावर त्याच्या आग्रहामागचे बळ उमगते.

आणि परदेशाकडे कशाला जावे? गर्भाशय राखणाऱ्या शल्यविद्येचे एक पीठच मुंबई होते. गोव्याच्या शिरोड्यात जन्मलेले विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली, गर्भाशयमुख सैल पडून मधल्या महिन्यांत होणारे गर्भपात टाळण्यासाठी घालावयाचा जो टाका प्रसिद्ध केला, तो जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तरुण स्त्रीचे अंग बाहेर आले तर गर्भाशय काढून न टाकता वर बांधून घेण्याच्या शिरोडकरांच्या आणि पुरंदरे या दुसऱ्या शल्यवैद्यांच्या रीती याच शहरात सिद्ध झाल्या. ज्या शहरातील विद्वानांनी आपली बुद्धी गर्भाशय वाचवण्यात खर्ची घातली, त्या शहराच्या खाडीपलीकडे येऊन राहिलेल्या बाईला ‘काढून टाक’ एवढाच उपाय माहीत असावा, याला दैवदुर्विलास म्हणावे, नाही तर आमच्या आरोग्यशिक्षणाची दिवाळखोरी म्हणावी. प्राचीनांपाशीही ही सबुरी होती. चरकसंहितेत रक्तगुल्म नावाच्या, गर्भासारखा भास करणाऱ्या स्त्रियांच्या गाठीचे वर्णन आहे, आणि तिची चिकित्सा दहावा महिना उलटल्यावरच करावी असे तेथे सांगितले आहे. ती गाठ म्हणजे आजचा फायब्रॉईडच, असा अट्टाहास मी धरणार नाही; परंतु पोटात गाठ असल्याच्या संशयावरून एखादा गर्भ हातून नष्ट होऊ नये, म्हणून वैद्याने दहा महिने हात आवरावा, हा त्यामागचा विवेक आजच्या कित्येक दवाखान्यांना शिकवण्याजोगा आहे. केंद्र सरकारने २०२२ साली अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीवर देखरेख समित्या नेमण्यास सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना त्यांचा अंमल तीन महिन्यांत करण्याचा हुकूम दिला. जे चरकाने संयमाने साधावयास सांगितले, ते साधण्यासाठी आम्हाला न्यायालयाचे फर्मान लागले!

काढ्याच्या पत्त्याविषयी दोनच शब्द पुरेत. गर्भवतीची गाठ विरघळवणारे औषध कोणत्याही पद्धतीत सिद्ध झालेले नाही. गुग्गुळयुक्त गोळ्या ‘गाठीवर अक्सीर’ म्हणून सर्रास विकल्या जातात. गुग्गुळाने गर्भाशय आकुंचन पावू शकते, म्हणून तो गर्भारपणी घेऊ नये, असा इशारा औषधीविषयक ग्रंथ देतात. ज्याने काढा सुचवला त्याच्या सद्हेतूविषयी शंका नाही, पण सद्हेतूने गर्भाशय आकुंचन पावायचे थांबत नाही.

मग मंडन कशाचे करावयाचे? गाठ असलेल्या गर्भवतीला खरा धोका बहुतेक वेळा दिवस भरल्यावर, मूल बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात असतो, ही गोष्ट घराघरांत पोहोचली पाहिजे. वार पडल्यावर गर्भाशय आवळून मुठीसारखे घट्ट झाले की रक्त थांबते. मोठी गाठ त्या आवळण्यात आडवी येते आणि रक्त वाहत राहते. ज्या बाईला गाठीपायी गर्भारपणाआधीच वर्षानुवर्षे पाळीत भरमसाट रक्त गेलेले आहे, तिच्या अंगात मुळातच रक्त कमी. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना पंडुरोग आहे. तेव्हा गाठ विरघळवण्यात जो पैसा नि जी धावाधाव खर्च होते, ती हिमोग्लोबिन वाढवण्यात खर्च झाली, लोहाच्या गोळ्या मळमळते म्हणून न टाकता खाल्ल्या गेल्या, आणि जेथे रक्तपेढीची सोय व शस्त्रक्रियेचा चमू रात्री-अपरात्री हजर असतो अशाच ठिकाणी बाळंतपणाचे नाव घातले, तर गाठीच्या धोक्यातला मोठा हिस्सा तेथेच निकालात निघतो. मोठी गाठ, वार गाठीवर बसलेली, किंवा पूर्वी गाठ काढण्याची खोल शस्त्रक्रिया झालेली, अशा स्त्रीने तर गावी जाऊन माहेरच्या तालुक्यात बाळंत होण्याचा हट्ट सोडावा. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला रम्य शिरस्ता रक्तपेढीहून मोठा नाही. पूर्वीची जखम कळांच्या ताणाने उसवण्याचा धोका लहान असला तरी खरा आहे, आणि त्या शस्त्रक्रियेचा कागद प्रसूतीच्या वेळी हाताशी असणे म्हणूनच आवश्यक.

नवी मुंबई महापालिकेपुढे माझी एक दरखास्त आहे, आणि तिला फारसा खर्च नाही. गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या अहवालासोबत मराठीत आणि हिंदीत अर्ध्या पानाची पुरवणी द्यावी: गाठी किती, सर्वांत मोठी केवढी, ती बाहेर, भिंतीत की पोकळीत, गर्भाशयमुखापासून वर की जवळ, वार तिच्यावर आहे की दूर, आणि पुढची तपासणी कोणत्या आठवड्यात; खाली एक ओळ, की ही गाठ कर्करोग नव्हे आणि तिच्यासाठी गर्भपात करण्याची गरज नसते. ज्या केंद्रांना प्रत्येक गर्भवतीमागे गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचा नमुना बिनचूक भरता येतो, त्यांना हे अर्धे पान जड जाऊ नये. आशासेविकांना ही पुरवणी वाचून दाखवता आली, की मामींच्या फोनला घरातच उत्तर मिळेल.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस, आणि त्या दिवशी रविवार किंवा सुटी आल्यास पुढील कामाच्या दिवशी, सरकारी आरोग्यसंस्थांत चौथ्या महिन्यापासून पुढील गर्भवतींची मोफत तपासणी होते. सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, सीझर लागल्यास तेही, आणि रक्त लागल्यास तेही, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून विनामूल्य आहे. तुर्भ्यातील ज्या कोणा गर्भवतीच्या अहवालात फायब्रॉईडची ती इंग्रजी ओळ लिहून आली असेल, तिने येत्या ९ तारखेस तो कागद घेऊन स्वतः जावे, गाठ कोठे आहे आणि वार कोठे आहे हे दोन प्रश्न आपल्या तोंडाने विचारावेत, आणि उत्तर मिळाल्यावाचून खुर्चीवरून उठू नये.